दोन डोंगरांमधला सूर्य

‘कलाधारित शाळा’ हा शब्दप्रयोग शहरी मराठी पालकांच्या बोलण्यात आता चांगलाच रुळला असला, तरी त्याच्या पोटात किमान चार निराळ्या गोष्टी नांदतात, आणि मुलासाठी शाळा निवडताना होणारा बराचसा घोळ त्या चार गोष्टी एकच समजल्यामुळे होतो. आठवड्यातून दोन तासिका चित्रकलेला आणि एक गायनाला देणारी शाळा स्वतःला कलेची कदर करणारी म्हणवते, आणि स्नेहसंमेलनासाठी दोन महिने नाच बसवणारी शाळाही तेच म्हणते. तिसरी शाळा अपूर्णांक कागदाच्या घड्यांतून आणि इतिहासातला प्रसंग नाटुकल्यातून शिकवते, म्हणजे ती कलेला साधन मानते. शासकीय परिभाषेत यालाच ‘कला-समेकित अध्ययन’ म्हणतात. चौथ्या प्रकारात मातीकाम, चित्र, गाणे, विणकाम, सुतारकाम हीच मुलाची विचार करण्याची रीत होते आणि भाषा, गणित, विज्ञान त्या कामाच्या ओघात येऊन मिळतात. हा चौथा प्रकार दुर्मीळ आहे, खर्चिक आहे, त्याला शिक्षक मिळणे अवघड आहे, आणि माहितीपत्रकावरून तो पहिल्या तीन प्रकारांपासून वेगळा ओळखता येत नाही.

नागपुरातील रामदासपेठ ही या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सोयीची जागा आहे. धंतोली आणि सीताबर्डीच्या शेजारी वसलेल्या, जवळून नाग नदी वाहत असलेल्या या वस्तीत रुग्णालये आणि दवाखाने दाटीने आहेत, विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, लेंड्रा पार्कचा जुना बंगल्यांचा भाग आहे, सोमलवारसारखी नावाजलेली शाळा आहे, आणि जुने बंगले पाडून उठलेल्या इमारती आहेत, ज्यांना नागपूरकर ‘फ्लॅट स्कीम’ म्हणतात. डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि व्यापारी यांच्या या वस्तीत मूल दोन वर्षांचे झाले की शाळेची चर्चा सुरू होते, आणि तिला दोन तोंडे असतात: एका बाजूला शहराबाहेरची मोठी आवारे असलेल्या शाळा व त्यापुढे ओळीने येणारे ‘फाउंडेशन’चे शिकवणीवर्ग, आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या बंगल्यात पंधरा-वीस मुले घेऊन चालणारी, रंग आणि माती यांचे आकर्षण दाखवणारी छोटी शाळा. बालवाडीपुरता हा दुसरा पर्याय बहुतेकांना परवडतो, कारण तिथे गमावण्यासारखे काही नाही असे समजले जाते. पहिलीचा उंबरठा आला की त्याच पालकांचे पाय अडखळतात.

या अडखळण्यामागे कायद्याचेही कारण आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू होतो, त्यामुळे तीन ते सहा या वयोगटासाठी एखाद्या घरात चार गालिचे अंथरून शाळा सुरू करणे तुलनेने सोपे राहिले. पहिली ते आठवीची शाळा मात्र मान्यतेशिवाय चालवता येत नाही; कायद्याच्या अठराव्या कलमानुसार विनामान्यता शाळेला एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही ती चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि मान्यतेसाठी शिक्षक, वर्गखोल्या, स्वतंत्र स्वच्छतागृहे, खेळाचे मैदान, कुंपण अशी मानकांची यादी पूर्ण करावी लागते. रामदासपेठेतील जमिनीचे भाव माहीत असणाऱ्याला त्या यादीतील ‘मैदान’ या एका शब्दाचे वजन समजावून सांगावे लागणार नाही. छोट्या कलाधारित बालवाड्या पहिलीपर्यंत येऊन थांबतात, यामागे पालकांच्या धीराइतकाच या चौरस फुटांचाही वाटा आहे.

याच कायद्याच्या परिशिष्टात एक मजेची तरतूद आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तरच कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमणे बंधनकारक ठरते. म्हणजे शाळा जितकी छोटी, तितकी तिच्यावरची कलाशिक्षकाची सक्ती कमी. जी शाळा कलेसाठी म्हणून छोटी राहते तिला कायद्याच्या नजरेत कलाशिक्षकाची गरजच नाही.

शाळेत गेलेल्या जवळपास प्रत्येक मराठी माणसाने एक चित्र आयुष्यात कधी ना कधी काढलेले असते. कागदाच्या वरच्या भागात दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून अर्धा वर आलेला आणि काड्यांसारखे किरण फाकवणारा सूर्य, आकाशात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे पक्षी, डोंगरातून निघून खाली रुंद होत जाणारी नदी, काठावर कौलारू झोपडी आणि तिच्याशेजारी एक नारळाचे झाड. नागपूरच्या मुलाने यातले काहीही पाहिलेले नसते. त्याचा सूर्य पाण्याच्या टाक्या आणि स्कीमच्या गच्च्या यांच्या मागून उगवतो, त्याच्या रोजच्या वाटेवर डोंगर म्हणावा असे काही नाही, आणि नदी म्हणजे पुलावरून जाताना नाक दाबायला लावणारा नाला, ज्याने २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडल्यावर घराघरांत पाणी घातले. तरीही ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की कोकण आणि हिमालय यांची ती सरमिसळ कागदावर उतरते, कारण ते चित्र डोळ्यांनी पाहून आलेले नसते, फळ्यावरून उतरवलेले असते. कलाधारित म्हणवणाऱ्या शाळेची परीक्षा करायची असेल, तर तिच्या भिंतींवर हा सूर्य किती वेळा उगवतो ते मोजावे.

बालचित्रांच्या अभ्यासकांनी या बाबतीत पुष्कळ काम केले आहे. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले: आधी रेघोट्या, मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे, आणि साधारण सात वर्षांच्या सुमारास ‘आधाररेषा’, म्हणजे कागदाच्या तळाशी काढलेली ती एक रेघ जिच्यावर घर, झाड, माणूस, कुत्रा सगळे ओळीने उभे राहतात. ही रेघ म्हणजे वस्तूंना एका जागी, एका संबंधात ठेवता येऊ लागल्याची खूण असते. याच वयाचे मूल शाळेची व्हॅन काढते तेव्हा पत्रा पारदर्शक होतो आणि आत बसलेली सगळी मुले दप्तरांसकट दिसतात. व्हॅनवाले काका व्हॅनहून मोठे होतात, कारण मुलाच्या लेखी ते तितके मोठे असतात. चाके चारही दिसतात, कारण ती चार आहेत हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी शेजारी उभे राहून ‘दोन चाकं दिसतात बेटा, पुसून टाक’ असे सांगणारा मोठा माणूस प्रमाणबद्धता शिकवतो असे त्याला वाटते. त्या मुलाला मात्र एवढेच कळते की आपल्याला जे माहीत आहे ते कागदावर चालत नाही. असे दहा-बारा वेळा घडले की दोन डोंगरांचा आसरा घेणे शहाणपणाचे ठरते, कारण त्या चित्रात कुणी चूक काढत नाही.

रामदासपेठेतले पालक या विषयाची माहिती काढू लागतात तेव्हा त्यांच्यापुढे जर्मनीतील वॉल्डॉर्फ आणि इटलीतील रेज्जो एमिलिया या शिक्षणपद्धतींची नावे येतात, आणि सुमारे पाऊणशे किलोमीटरवरचे, वर्ध्याजवळचे सेवाग्राम बहुधा येत नाही. हे विचित्र आहे, कारण कला आणि शाळा यांच्या नात्याचा विसाव्या शतकातला एक महत्त्वाचा भारतीय प्रयोग तिथेच झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या, मातृभाषेतून दिल्या जाणाऱ्या सात वर्षांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाची, म्हणजे ‘नई तालीम’ची, कल्पना मांडली, आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम बेतला. त्या समितीने सुचवलेले वेळापत्रक आजच्या पालकाने एकदा डोळ्यांखालून घालावे असे आहे: साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला तीस मिनिटे, व्यायामाला दहा, सुटी दहा, आणि संगीत, चित्रकला व अंकगणित या तिघांना मिळून चाळीस मिनिटे. चित्रकला आणि गणित एकाच चाळीस मिनिटांत बसवण्याचे धाडस आज कोणतीही शाळा करणार नाही.

पण गणित त्या चाळीस मिनिटांत संपत नव्हते. सुताचे माप मुलाच्या हातात होते: चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. टकळीवर काढलेले सूत परेत्यावर गुंडाळताना मूल मोजत असे, पेळूचे वजन आणि निघालेल्या सुताची लांबी यांवरून सुताचा अंक काढत असे, आणि सूत तुटले की ते का तुटले याचा विचार करत असे. गुंडी २५६० फूट भरते हे त्याला पुस्तकातून पाठ करावे लागत नव्हते. हाताने ओढलेल्या धाग्याची ती लांबी होती.

या योजनेत एक उणीव होती. हस्तोद्योगाच्या आर्थिक बाजूवर, म्हणजे मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा या अपेक्षेवर, इतका भर होता की शाळेचा कारखाना होईल अशी टीका तेव्हाच झाली, आणि ती निराधार नव्हती. ती उणीव भरून काढण्याचे काम शांतिनिकेतनातून आलेल्या माणसांनी केले. ही योजना राबवणाऱ्या सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाची धुरा वाहणारे आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य रवींद्रनाथांच्या सहवासातून वर्ध्याला आले होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबूसारख्या गावच्या साध्या सामग्रीतून उभी करून कला आणि कारागिरी यांच्यातली भिंत किती पातळ आहे ते दाखवले होते. आणि १९४४ मध्ये नंदलालबाबूंचा एक तरुण विद्यार्थी, देवी प्रसाद, सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून रुजू झाला.

देवी प्रसाद (१९२१–२०११) पुढे कुंभकार आणि युद्धविरोधी चळवळीतील कार्यकर्ते म्हणून जगभर ओळखले गेले, पण १९६२ पर्यंतची अठरा वर्षे त्यांनी मुख्यतः गावातल्या मुलांच्या चित्रांकडे पाहण्यात घालवली. मुलाच्या चित्रावर शिक्षकाने रेघ मारू नये, चित्रांच्या स्पर्धा घेऊ नयेत, नमुना समोर ठेवून नक्कल करवू नये, हे त्यांचे आग्रह होते. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच कला हा शिक्षणाचा पाया असल्याचे म्हटले आहे आणि त्या पुस्तकाचा आधार त्यांनी जपून ठेवलेली मुलांची चित्रे हा आहे. ब्रिटिश समीक्षक हर्बर्ट रीड यांचा ‘कलेद्वारे शिक्षण’ हा विचार मांडणारा ग्रंथ १९४३ मध्ये निघाला. म्हणजे लंडनमध्ये जे छापले जात होते तेच पुढच्या वर्षापासून वर्ध्याजवळच्या एका खेड्यात मातीच्या रंगांनी तपासले जाऊ लागले. आज त्याच परिसरात नई तालीम समितीची ‘आनंद निकेतन’ ही शाळा २००५ पासून मराठी माध्यमातून चालते. शेती, स्वयंपाक, सूतकताई, शिवण आणि चित्रकला हे तिथे अभ्यासाचेच भाग आहेत. त्या शाळेतली बहुसंख्य मुले आसपासच्या खेड्यांतली आहेत, ही गोष्ट ‘पर्यायी शाळा म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

महाराष्ट्रात ही एकच वाट होती असेही नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला, आणि पुढे बोर्डी व १९५७ पासून कोसबाड इथे अनुताई वाघांच्या साथीने माँटेसरीची महाग साधने बाजूला ठेवून बिया, शंख, खडे, पाने यांतून बालवाडी उभी केली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले ‘सृजन आनंद विद्यालय’ आणि १९९२ पासूनचे पुण्याचे ‘अक्षरनंदन’ या शाळांनी मध्यमवर्गीय शहरी मुलांसाठी मराठीतून हेच काम केले. या सगळ्या परंपरेत कलेचा हात भाषेच्या हातात होता. मूल जे बोलते त्यातूनच ते चित्र काढते, आणि चित्राबद्दल बोलताना त्याची भाषा वाढते, हे गृहीत होते.

नागपुरात आज ‘पर्यायी’ म्हटले की बहुधा इंग्रजी माध्यम आलेच, आणि या बाबतीत पालकांचे वागणे मोठे गमतीचे असते: मुलाने मुक्तपणे व्यक्त व्हावे अशी इच्छा, आणि व्यक्त होण्याची भाषा घरात आजी बोलते ती नको अशी अट. चार वर्षांच्या मुलाला मातीचा बैल करताना जे सुचते ते ‘हा नाही का, थो आमच्या गावचा’ अशा वऱ्हाडी-नागपुरी वळणाने सुचते. ते इंग्रजीत आणण्याच्या खटपटीत बैल हातातच राहतो आणि गोष्ट विरते. इंग्रजी माध्यमाची छोटी शाळा घेऊच नये असा याचा अर्थ नाही, पण तिथे काम करताना मुलांना घरच्या बोलीत बोलू दिले जाते का, एवढे तरी पाहिले पाहिजे.

वॉल्डॉर्फ पद्धतीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण भारतातील शहरांत कलाधारित म्हणून सर्वाधिक पसरलेला नमुना तोच आहे. सप्टेंबर १९१९ मध्ये श्टुटगार्ट इथे एमिल मोल्ट या उद्योजकाच्या सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ श्टायनर यांनी पहिली शाळा सुरू केली. मुंबईत ‘त्रिधा’ ही शाळा या पद्धतीने चालते. या पद्धतीत सकाळचे सुमारे दोन तास एकच विषय तीन-चार आठवडे सलग चालतो, ज्याला ‘मुख्य पाठ’ म्हणतात. छापील पाठ्यपुस्तकाऐवजी मूल आपली वही स्वतः लिहून-चितारून पुस्तक बनवते. लेखन-वाचनाचे औपचारिक शिक्षण सहा-सात वर्षांच्या आधी सुरू होत नाही. लोकरीचे विणकाम लहान वर्गांत मुलांना आणि मुलींना सारखेच असते. आणि एकच वर्गशिक्षक शक्य तितकी वर्षे त्याच मुलांबरोबर वर चढत जातो.

या शाळांतील जलरंगाचा तास पाहण्यासारखा असतो. कागद पाण्यात भिजवून फळीवर पसरतात, स्पंजाने वरचे पाणी टिपतात, आणि मुलाला रुंद ब्रश व फक्त एक रंग मिळतो, समजा पिवळा. त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या जोडीला निळा. दोन्ही ओल्या कागदावर एकमेकांकडे सरकतात आणि जिथे भेटतात तिथे कुणी न सांगता हिरवा होतो, आणि तो आपल्या हातून झाला म्हणून मूल हरखते. इथे रेघ नाही, त्यामुळे डोंगरही काढता येत नाही. नागपूरच्या एप्रिलात तो कागद ओला ठेवणे हे शिक्षिकेचे स्वतंत्र कौशल्य ठरेल, ती गोष्ट वेगळी. मात्र या पद्धतीच्या मुळाशी श्टायनर यांचे ‘मानवप्रज्ञा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे अध्यात्मविचार आहेत, मुलाच्या वाढीचे सात-सात वर्षांचे टप्पे त्यातूनच आले आहेत आणि त्यांना प्रायोगिक विज्ञानाचा आधार नाही. युरोपात या विचारांवर बरीच टीका झाली आहे. शाळा हे सगळे कितपत मानते आणि पालकांना ते उघड सांगते का, हे विचारण्यात संकोच करू नये.

कलेमुळे मूल हुशार होते, गणितात पुढे जाते, असा दावा छोट्या शाळांच्या माहितीपत्रकांत हमखास असतो आणि तो बहुतांशी टिकत नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या केंद्रातील एलन विनर आणि लोईस हेटलँड यांनी आधीच्या संशोधनाचा मोठा धांडोळा घेऊन २००० मध्ये असा निष्कर्ष काढला की कलाशिक्षणाने इतर विषयांतले गुण वाढतात याचा भरवशाचा पुरावा मोजक्याच ठिकाणी मिळतो: वर्गातील नाट्यीकरण आणि भाषिक कौशल्ये यांचा संबंध दिसतो, संगीत आणि अवकाशबोध यांचाही काही प्रमाणात दिसतो, बाकी दावे सैल आहेत. याच अभ्यासकांनी पुढे कलावर्गांत प्रत्यक्ष बसून तिथे काय शिकले जाते ते नोंदवले आणि २००७ च्या पुस्तकात आठ सवयी मांडल्या, त्यांत साधनावर हात बसवणे, कंटाळा आला तरी कामाला चिकटून राहणे, समोर नसलेले मनात पाहणे, निरखणे, आपल्या कामाबद्दल बोलणे व त्याची पारख करणे, आणि चुकण्याची जोखीम घेऊन पुढे जाणे यांचा समावेश होतो. गणिताच्या गुणांसाठी मातीत हात घालू देणारा पालक दोन वर्षांत निराश होईल. बिघडलेला घोडा मोडून पुन्हा करायला बसण्याची सवय ज्याला मोलाची वाटते, त्याने या वाटेला जावे.

शासनाने आणि मंडळांनी या दिशेने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बालभारतीची ‘खेळू, करू, शिकू’ ही प्राथमिक वर्गांची पुस्तके कला, कार्यानुभव आणि खेळ एकत्र आणतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला-समेकित अध्ययनाचा आवर्जून उल्लेख आहे. केंद्रीय मंडळाने तर ते पहिली ते दहावीसाठी प्रकल्परूपाने सक्तीचे केले आणि प्रत्येक राज्याला नेमून दिलेल्या जोडराज्याच्या कलेवर प्रकल्प सांगितला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आले. परिणामी नागपूरच्या घराघरांत पट्टचित्राच्या रंगीत प्रती छापून, कापून, चिकटवल्या जातात आणि कापण्याचे काम बहुधा आईकडे असते. महाल भागातल्या चितार ओळीत त्याच वेळी मूर्तिकार गणपतीच्या सोंडेवर शेवटचा हात फिरवत असतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजतात, कागद आणि बांबूची मारबत व बडगे गल्ल्यागल्ल्यांतून निघतात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून भुलाबाईची गाणी सुरू होतात. यातले काहीही प्रकल्पात येत नाही, कारण परिपत्रकात ओडिशा लिहिलेले असते.

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, हा आणखी एक घोटाळ्याचा मुद्दा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांची ती शिस्तबद्ध परीक्षा आहे, हात तयार करायला चांगली आहे, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीत वाढीव गुणही मिळतात. पण ती बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना तिच्या तयारीला लावणारी शाळा मूल चालायला लागण्याआधी त्याला संचलन शिकवते.

प्रत्यक्ष शाळा पाहायला जाताना प्रदर्शनाचा दिवस टाळावा. प्रवेशाच्या हंगामात शाळा जे दाखवते ते पाहून परत येण्यापेक्षा एखाद्या साध्या मंगळवारी परवानगी घेऊन कोपऱ्यात तासभर बसावे, आणि भिंतीवरच्या चित्रांऐवजी कपाटातल्या चित्रांची चौकशी करावी. एकाच मुलाची जूनपासून मार्चपर्यंतची चित्रे शाळेने तारीख घालून ठेवली आहेत का? त्यांत अर्धवट सोडलेली, रागाने काळी केलेली, फाटलेली चित्रे आहेत की फक्त सुबक आहेत? वीस मुलांचे वीस हत्ती एकाच दिशेला तोंड करून उभे असतील, तर ते हत्ती शिक्षिकेचे आहेत. मुलाने ‘झालं’ म्हटल्यावर शिक्षिका काय म्हणते हेही कान देऊन ऐकावे: ‘छान’ एवढेच म्हणून पुढे जाते, ‘इथे थोडा रंग भर’ म्हणते, की ‘हा कुठे चाललाय?’ असे विचारते. शेवटचा प्रश्न विचारणारी शिक्षिका ज्या शाळेत किमान तीन-चार वर्षे टिकली आहे, ती शाळा निम्मी लढाई जिंकलेली असते, कारण छोट्या शाळांचा खरा ठेवा एक-दोन माणसे असतात आणि ती गेली की पाटी तीच राहून शाळा बदलते.

छोटेपणाची किंमतही मोजून ठेवावी लागते. बारा मुलांच्या वर्गात मूल झाकले जात नाही, हे खरे. पण एकाशी बिनसले तर जायला दुसरा घोळकाही नसतो. संघ करून खो-खो खेळायला माणसे पुरत नाहीत. शिक्षक कमी असल्याने विज्ञान आणि गणित वरच्या वर्गांत कच्चे राहू शकते, आणि ‘मूल आपल्या गतीने शिकते’ या वाक्याआड न वाचता येणारे मूल नऊ वर्षांचे होईपर्यंत तसेच राहू शकते. अक्षरांत गोंधळ होणे, आवाज जुळवता न येणे अशा अडचणी असलेल्या ज्या मुलांना तज्ज्ञाकडे वेळेत न्यायला हवे, त्यांना कलेच्या नावाखाली थांबवून ठेवणे हा गुन्हा आहे. पहिली-दुसरीत वाचन उशिरा सुरू करणे वेगळे आणि त्याकडे लक्षच नसणे वेगळे. शाळेकडे प्रत्येक मुलाच्या वाचनाची लिखित नोंद आहे का, हे विचारले की फरक लगेच कळतो.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणारे पालक पुढे पस्तावतात. मान्यतेचे पत्र, यू-डायस क्रमांक आणि शाळा सोडल्याचा दाखला देण्याचा अधिकार या तीन गोष्टी शाळेकडे आहेत का, ते प्रवेशाआधी पाहावे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली आहे, त्यामुळे ‘आठवीपर्यंत परीक्षाच नाही’ हा जुना दिलासा आता पुरेसा नाही. औपचारिक शाळेबाहेर वाढलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्याने दिला आहे, आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते. या दोन दारांमुळे परतीची वाट बंद होत नाही. मोठ्या शाळेत गेल्यावर पहिले वर्ष मात्र लिहिण्याच्या वेगात जाते. तीन तासांत आठ पाने लिहिण्याचा सराव नसलेले मूल उत्तर माहीत असूनही पेपर सोडून येते, आणि तो सराव सहा-आठ महिन्यांत होतो. तेवढे महिने पालकाला शांत राहता आले पाहिजे, विशेषतः ज्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे मूल सहावीपासून ‘फाउंडेशन’ला जाते तिथे.

निवड करताना पालकांनी आपल्या घराचाही विचार करावा, कारण दिवसातले पाच तास शाळेत बोटांनी काम करणारे मूल उरलेला दिवस पडद्यासमोर घालवत असेल, तर शाळेवर भार टाकण्यात अर्थ नाही. तान्ह्या पोळ्याचा नंदी बाजारात रंगवून, झुलीसकट तयार मिळतो आणि तो घेण्याचा मोह कुणालाही होतो. कोऱ्या लाकडाचा घेतला तर रंग सांडतो, शिंगे वेगवेगळ्या लांबीची दिसतात, आणि मिरवणुकीत शेजारच्या मुलाचा नंदी अधिक चकचकीत असतो. ज्या घराला हे चालते त्या घराने छोट्या शाळेचा विचार पुढे न्यावा.

आणि निर्णयाआधी सेवाग्रामला एक फेरी करावी. दिवाळीची सुटी संपून शाळा भरतात तेव्हा वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी चालू असते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेते पांढरी दिसतात, आणि आधी कळवून गेल्यास आनंद निकेतनचे वर्ग चालू असताना पाहता येतात. नागपूरहून सकाळच्या गाडीने निघालेले कुटुंब संध्याकाळी रामदासपेठेत परत येते. मुलाला बरोबर न्यावे, आणि तिथे त्याला कुणी टकळी हातात दिली तर सूत तुटेपर्यंत त्याला हाक मारू नये.